काठ बघणारे मल्लूअण्णा

धडधाकट डोळ्यांचा माणूस सोलापूरच्या भर नवी पेठेत बायकोचा चष्मा लावून बसलेला तुम्ही पाहिला नसेल. मी रोज बघत होतो. गुलाबी फ्रेम, काड्यांना मण्यांची साखळी आणि खाली मल्लूअण्णांच्या झुपकेदार पांढऱ्या मिशा. चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी अण्णांकडेच बघत राहायचं.

अण्णांचं चादरींचं दुकान माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून आहे. मी डॉक्टर नाही, पण अण्णा मला डॉक्टरच म्हणतात. हा माणूस हिशेब कन्नडमध्ये करतो आणि भांडण मराठीत. जगातल्या प्रत्येक वस्तूची त्यांची परीक्षा एकच. “मधलं कुणीबी विणतंय हो. काठ बघा, काठ.” चादरीचा काठ, भाकरीचा काठ, सगळ्याचा काठ. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाची कॉलरसुद्धा त्यांनी खिशातल्या सूत मोजायच्या भिंगाखाली धरली होती, तीही मुलगा शर्टात असताना. तरी स्थळ जमलं, हे आमचं नशीब.

तर साठीला अण्णांना पुण्याच्या लेकीनं, गौरीनं, दुर्बीण पाठवली. दुर्बिणीला जिथं डोळा लावतात, त्या भिंगाच्या नळकांड्याला आयपीस म्हणतात. तो बदलला की चित्र लहानमोठं होतं. खोक्यात पंचवीस मिलिमीटरचा एक आयपीस होता. अण्णांनी तो बाहेर काढला आणि गल्ल्याशेजारी बिलांवर वजन म्हणून ठेवून दिला. वस्तूबरोबर फुकट येतो तो माल दुय्यम, हा पेठेचा कायदा. शिवाय तो चित्र कमी मोठं करणारा, म्हणजे अण्णांच्या लेखी जाडंभरडं सूत. त्यांनी चार मिलिमीटरचा मागवला. आयपीसचा आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं, हे मला समजायला वेळ लागला. अण्णा म्हणाले, सुताच्या नंबराचंबी असंच उलटं असतंय की, नंबर मोठा तेवढं सूत बारीक.

त्यानंतर काय बिनसलं कोण जाणे. एक दिवस तो गुलाबी चष्मा दुकानात आला आणि अण्णांना आयपीसचं वेडच लागलं. शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून उसने आण, कुरिअरनं मागव, परत पाठव. आयपीस नाकावरच्या चष्म्याला टेकवायचा, उजेडाकडे बघायचं आणि मान हलवायची. “काठ दिसत न्हाई, डॉक्टर.” आयपीसमधून एक उजेडाचा गोल दिसतो, त्या गोलाचा काठ त्यांना हवा होता. चष्मेवाल्यांसाठी खास बनवलेला एक महागडा आयपीस त्यांना सापडला होता. त्याची किंमत त्यांनी मला चादरींत सांगितली. एवढ्या चादरींत अख्खी लग्नाची वरात झोपली असती, म्हणून तो बाद.

मला राहवेना. चष्मा गिरिजावहिनींचा जादाचा आहे, हे मला माहीत होतं. मीच बनवला होता. पण अण्णांना चष्मा लागतच नाही. आणि त्यांच्या डोळ्यांना वहिनींच्या नंबरातून नुसतं धुकं दिसत असणार. शेवटी चहा मागवला आणि सरळ विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. नवा आयपीस आल्यावर त्यांनी वहिनींना हौसेनं गच्चीवर नेलं होतं. शनी लावून दिला. त्या चार मिलिमीटरच्या आयपीसचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं, डोळा अगदी चिकटवावा लागतो. वहिनींनी चष्मा वर केला, खाली केला, वाकल्या आणि म्हणाल्या, लई छान, कडं दिसलं की. मग अण्णांनी डोळा लावला. आत काळाकुट्ट अंधार. शनी केव्हाच सरकून निघून गेला होता.

“माझ्या खुशीसाठी म्हणाली, ते कळतंय मला,” अण्णा म्हणाले. “पण डॉक्टर, तिनं जन्मभर सगळ्यालाच छान म्हटलंय. घराला, साड्यांना, मला. मंग ते सगळं काय बघून म्हटलं?”

ऐकून मला गलबलून आलं. बायकोला काही बोलण्याऐवजी हा माणूस तिचा चष्मा खिशात घालून गावभर फिरत होता. तिला खरोखर दिसेल असं भिंग त्याला हवं होतं.

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असता तर चष्मा काढून दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की भागलं असतं. पण वहिनींना सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर आहे, तो स्क्रूनं जात नाही. म्हणजे चष्म्यासकटच बघायला हवं, म्हणजे डोळा भिंगापासून जरा लांब ठेवून. मी सहज बिलांवरचं ते वजन उचललं. त्याचं भिंग चांगलं रुंद होतं, डोळा लांब ठेवूनही दिसेल असं. पुसून अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी फुकटचा माल म्हणून नाक मुरडलं, पण चष्मा चढवून उजेडाकडे बघितलं आणि तसेच बघत राहिले.

“अय्यो,” ते हळूच म्हणाले. “काठ दिसतोय की.”

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला होटगी रोडच्या घरी बोलावलं. दिवेलागणीची वेळ होती, डोक्यावर अर्धा चंद्र. अण्णांनी चंद्र लावला आणि दुर्बिणीपासून असे लांब जाऊन उभे राहिले की बघूनच समजावं, माणूस घाबरलाय. वहिनी पदर खोचून, चष्मा लावूनच वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. मी मनात म्हटलं, आता छान म्हणतील आणि या माणसाचं वाटोळं होईल.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “ह्याचा एका अंगाचा काठ साफ हाय. पण दुसऱ्या अंगाचा उसवलाय की. नुसत्या दशा निघाल्यात.”

मी नंतर बघितलं, अगदी तसंच होतं. जिथं चंद्रावरचा उजेड संपून अंधार सुरू होतो, तिथला काठ खडबडीत, चिरफाळलेला. अण्णांनी मात्र बघायची घाई केली नाही. ते तिथूनच, घसा खाकरून, चोरट्यासारखे बोलले.

“आणि गौरीच्या लग्नातली ती जांभळी साडी?”

“ती न्हाईच आवडली. मोर लई मोठे,” वहिनींनी डोळा न हलवता सांगितलं. “तुमी हौसेनं आणली, मी नेसले.”

“आणि हे घर?”

“घर आवडलं.”

माल नापसंत झाला म्हणून इतका खूश झालेला व्यापारी उभ्या सोलापुरात दुसरा नसेल. अण्णांचे डोळे भरून आले होते आणि रुमाल काही सापडत नव्हता. मी माझा दिला. तिसरा प्रश्न विचारायचं धाडस त्यांना होईना, हे मला दिसत होतं. तेवढ्यात वहिनींनीच त्यांना हाक मारली.

“तिकडं काय उभारलाय? चांद सरकला की. जरा परत आणून द्या.”

अण्णा पळत गेले.