राजीनाम्याचं बटण

कोणत्याही सुव्यवस्थित संस्थेत निर्णय वरचा घेतो, राबतो खालचा, आणि मधल्यांनी काम फक्त पुढे सरकवायचं असतं. संगणकाच्या पडद्यावरच्या बटणांचा कारभारही याच थोर तत्त्वावर चालतो. वरचा घटक बटणाच्या हाती एक काम देतो आणि बजावतो, की कोणी दाबलं तरच कर, तोवर गप्प बस. याला कॉलबॅक म्हणतात. (बटण खरोखर गप्प बसतं, म्हणून त्याला बढती नाही.)

दुसऱ्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अण्णांची या तत्त्वावर श्रद्धा होती. चार वर्षं कंत्राटावर घासल्यावर येत्या शुक्रवारी त्यांना कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी कर्मचाऱ्यांसाठी राजीनाम्याचं पान करायला सांगितलं. राजीनामा पाठवण्याचं काम अण्णांनी पानाकडून चौकटीकडे, चौकटीकडून ओळीकडे, ओळीकडून बटणाकडे सोपवत नेलं. शेवटी घाईत कामाच्या नावापुढे दोन कंस जास्त पडले. त्या कंसांचा अर्थ, काम बटणाच्या हाती न देता जागच्या जागी उरकून टाक. झालं, पान उघडलं की राजीनामा रवाना. बटण दाबायची तसदीही उरली नाही.

चाचणी घेणाऱ्या बाईंनी पान उघडलं. त्यांनी एकाएकी नोकरी का सोडली, हे पाहायला साहेबांनी उघडलं. चौकशी समितीच्या पाचही सदस्यांनी एकमताने उघडलं. दुपारपर्यंत राजीनामे एकेचाळीस, बटण दाबल्याच्या नोंदी शून्य. समितीने जाता जाता बटणाला निर्दोष ठरवलं.

नियमानुसार कायम नोकरांना राजीनामा मागे घेता येतो. सगळ्यांनी घेतला. कंत्राटी माणसासाठी तसा नियमच नव्हता, आणि पान नीट चालतंय ना, हे बघायला सर्वात आधी ते अण्णांनीच उघडलं होतं. यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही बटण दाबलंत का?"

"नाही गं. नुसतं पान उघडलं."

"मग बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी तरी लग्नाला कुठे हो म्हणाले होते? तुम्ही आलात तेव्हा दार उघडलं, एवढंच."

पत्र ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आलं. राजीनामा स्वीकारल्याचं.

पान दुरुस्त करायला आता माणूस नाही, म्हणून साहेबांनी नियमच दुरुस्त केला: पान उघडणं हीच संमती. यात आपला काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल. बटण तुम्ही दाबलं नाहीत, हे समितीलाही मान्य आहे. पण हे पान उघडलंत, शिवाय शेवटपर्यंत वाचलंत. यादीत तुमचं नाव बेचाळिसावं आहे.