मुनजीचं झाकलेलं दुखणं

"मूळव्याध होते ती बसून खाणाऱ्यांना! मी बसून कमावतो!" मुनजी ट्युनिशियातल्या गाबेसच्या टॅक्सीतळावर छाती ठोकून सांगायचा. गाबेस ते ट्युनिस पाच तास, गाडीत आठ उतारू, अशी वीस वर्षं त्याने सीटवर काढली होती.

मग त्यालाच मूळव्याध जडली. पहिल्या वर्षी शौचाला नुसतं रक्त पडलं. दुखणं काही नाही. "तुझी ती हरिसाची चटणी फार जहाल!" म्हणून त्याने खापर बायकोवर फोडलं. दलिलाने बिचारीने मिरची निम्मी केली. दुसऱ्या वर्षी एक कोंब बाहेर डोकावायचा आणि आपसूक आत जायचा. अगदी शहाण्या पाहुण्यासारखा! तिसऱ्या वर्षी तो पाहुणा बोटाने ढकलावा लागू लागला. मुनजीला संडासात तास तास लागायला लागला.

"फोन घेऊन आत बसता! कोण आहे ती?" दलिलाने दारावर थापा मारल्या.

"कोणी नाही गं!"

"मग कण्हता कोणासाठी?"

तिचा थोरला भाऊ जाब विचारायला आला. खरं सांगावं तर तळावर आयुष्यभर हसं! मुनजीने मान खाली घातली. "आहे एक बाई."

दलिला त्याच दिवशी आईकडे निघून गेली.

घरात मग सुका पाव आणि डब्यातले मासे. पोट दगड झालं. चौथ्या वर्षी कोंब बाहेर आला तो आत जाईचना. मुनजी एका कुल्ल्यावर गाडी हाकायचा. रक्त रोजचंच झालं. एका दुपारी वाटेवरच्या स्फाक्सच्या अलीकडे त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी जैतुनाच्या झाडावर आदळली. मागच्या सीटवरच्या म्हातारीचा हात मोडला.

"अंगात निम्मंसुद्धा रक्त नाही," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी आला असतात तर पालेभाजी, पाणी आणि न कुंथणं, एवढ्यावर भागलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोंबाला रबराची कडी बसवून काम झालं असतं. आता कापावं लागेल."

अपघाताचं कळून धावत आलेली दलिला दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे बाई नव्हतीच?"

"नव्हती."

"मग मूळव्याध आहे हे का नाही सांगितलं?"

"लाज वाटली गं."

"आणि बाई आहे म्हणताना नाही वाटली?"

दलिलाने डोळे पुसले, त्याची चादर नीट केली.

"संध्याकाळी भाजीचं सूप आणते. परत येण्याचं मात्र विचारू नका."

मुनजी भिंतीकडे तोंड फिरवायला कूस बदलू लागला. दुखण्यापायी तेवढंही जमलं नाही!