सरांचा पक्षी

आमच्या कॉलनीतल्या सरांच्या आधी तुम्हाला पक्षी दिसला, तर तो पक्षी नसतोच. ते पान असतं, नाहीतर अडकलेला पतंग. फारच फडफडला तर, "चिमणी असन बे!"

सर म्हणजे बुलढाण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात दुर्बीण आणि मनात प्रत्येक पाखरावर संशयी नवऱ्यासारखा हक्क. मागे चिखलीच्या एका डॉक्टरांनी पिंगळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तर सरांनी डॉक्टरांशी बोलणंच टाकलं. "तो पिंगळा मले ओळखते. त्याले काय गरज होती त्यायच्यासमोर बसाची?"

फेब्रुवारी संपत आला होता. एका रविवारी मी आणि सर बोथ्याच्या जंगलात गेलो. साग पार उघडा पडलेला, आणि पायाखाली पानांचा असा चुरचुराट की पाखरं आमच्या आधीच दुसऱ्या तालुक्यात. एका वाळल्या खोडावर मला बुरशी दिसली, एकावर एक लावलेल्या छोट्या पंख्यांसारखी.

"सर, हे पाहा!"

"मी केव्हाचा पाहून राह्यलो," सर म्हणाले आणि खाली गळून पडलेला एक पंखा त्यांनी रुमालात गुंडाळला.

पुढे नाल्याकाठी सर मोज्यातलं कुसळ काढायला वाकले आणि नेमका तेव्हाच स्वर्गीय नर्तक आला. अंग पांढरंशुभ्र, डोकं काळं, मागं रिबिनीसारखी लांबलचक शेपटी. डबक्यावरून गिरकी घेऊन झाडीत शिरलासुद्धा. सरांनी मान वर केली तेव्हा नुसती फांदी हलत होती.

"बगळा असन."

"नर्तक होता, सर."

सरांचं तोंड एवढंसं झालं. मग मोटरसायकलवर माझ्या मागे बसून त्यांनी घरापर्यंत उलटतपासणी घेतली. कोणत्या अंगानं आला? पाण्याले शिवला का? शेपटी वळताना कशी झाली? मीही इरेला पेटलो. हा पक्षी माझा होता. कॉलनीभर सांगायचं, असं ठरवूनच मी गाडी थांबवली.

"चहा घेऊन जाय," सर म्हणाले.

काकू ओट्यावर बसल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमची चाहूल लागताच त्यांनी चेहरा वर केला. "काय दिसलं हो आज?"

सरांनी रुमाल सोडून बुरशी त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी हळूच बोटं फिरवली. "वरून मखमल... अन् खालून बारीक बारीक भोकं. आणखी?"

"आज नर्तक दिसला, सुमन."

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी कुणाकडे तसं पाहिलं नसेल. मी तोंड मिटलं.

"डाव्या अंगानं आला. पाण्याले जरासा शिवला, अन् वळला तशी शेपटी..." सरांनी काकूंच्या कोपरापासून मनगटापर्यंत बोटानं एक लांब, सावकाश रेघ ओढली. सगळी माझीच उत्तरं होती. पण मला तो पक्षी एवढा सुंदर दिसला नव्हता.

काकू हसल्या. "अन् तुले रे?"

"मले कायचा दिसते काकू. मी गाडी लावून राह्यलो होतो."

घरी आलो. बायकोनं मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "दही आणलं का?"

मी पुन्हा गाडी काढली. दुकानापर्यंत मला सरांचा असा हेवा वाटत राहिला, की सांगायची सोय नाही.