धोंडासुराला एकशे दहा गुण

कोणाची ताकद किती, हे एकदा कागदावर आल्याशिवाय समाजात शांतता नांदत नाही. माणसांच्या बाबतीत हे काम तलाठी करतो, बैलांच्या बाबतीत बाजार करतो आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी स्वतः करत आलो आहे. देव, दैत्य आणि भुतं यांच्या बाबतीत मात्र १९६३ सालापर्यंत कोणीच जबाबदारी घेतली नव्हती. ती आमच्या ग्रामपंचायतीने घेतली. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, जिल्हा परिषद तर वर्षाचीही झाली नव्हती, आणि ठराव करायची हौस गावोगाव पसरली होती.

आमचं गाव सुलतानपूरपासून दोन कोसांवर. लोणारला लवणासुर मारला गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा चुलत साडू धोंडासुर आमच्या गावच्या नाल्यात मारला गेला, हे फक्त आम्हाला ठाऊक आहे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी चारच्या सुमारास आम्ही त्याला पुन्हा मारतो. त्यासाठी गावकरी सोंगं घेतात आणि सोंगाचा मान घराण्यात चालतो. विष्णूचं सोंग किसनराव पाटलांचं (सत्तर एकर, जमीन-सिलिंगच्या कागदावर थोडे कमी; विहीर, लिंबाची बाग). शंकराचं सोंग उत्तमरावांचं (पंचावन्न एकर, दोन विहिरी, त्यांपैकी एकीला पाणी). धोंडासुराचं सोंग पुंजाजीचं (सव्वा एकर, वांगी आणि मिरची, विहीर नाही). मुखवटा पुंजाजीच्या आज्याने उंबराच्या लाकडातून कोरलेला. तो घातला की माणसाला फक्त नाकापुढचं दिसतं. मारून घेण्यासाठी तेवढं पुरतं.

आता प्रथेचा मुख्य भाग. धोंडासुर मरताना एक मागणं मागतो आणि विष्णूला त्यावर ‘तथास्तु’ म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर गावावर पाच वर्षं पाऊस रुसतो. मग विष्णू त्याला हात देऊन उठवतो आणि त्याच्या घरी जेवायला जातो. पुंजाजी एकोणीस वर्षं एकच मागणं मागत आला होता. त्याचा मळा किसनरावांच्या विहिरीच्या खालच्या अंगाला. आखाजीच्या सुमाराला नाला आटला की त्याच्या वांग्यांना जगवणारं पाणी गावात एकच, ते त्या विहिरीचं. म्हणून तो धुळीत पडल्या पडल्या मुखवट्यातून ओरडे, “देवा, मिरगापर्यंत मह्या मळ्याले पाटाचं पानी दे!” किसनराव मुकुट सावरत म्हणत, “तथास्तु.” सगळा गाव साक्षीला असल्याने पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटे. मग ज्या घरावरून ते वर्षभर मान वळवून जात, त्या घरात त्या दिवशी ते पाटावर बसून पुंजाजीच्या बायकोच्या, तानुबाईच्या, हातचं भरीत खात. (भरीत उत्तम असे. मी खाल्लं आहे.)

पुंजाजीचा तो सव्वा एकराचा तुकडा किसनरावांच्या लिंबाच्या बागेत एका कोपऱ्याने घुसलेला होता. बागेचा चौकोन तिथे भाकरीचा घास तोडल्यासारखा दिसे. किसनरावांनी तो तुकडा सात वर्षांत सात वेळा मागितला होता. पुंजाजीने सात वेळा पान-सुपारी देऊन नाही म्हटलं होतं. हा भूगोल मी केवळ माहितीसाठी देत आहे.

१९६२च्या आखाजीला मारुतीच्या देवळाजवळच्या बोळात विष्णूची गाडी आणि शंकराची गाडी समोरासमोर आल्या. आधी कोण, हा प्रश्न उभा राहिला. किसनराव म्हणाले, “पालनकर्ता मी हाओ.” उत्तमराव म्हणाले, “मंग संहारकर्त्याले आधी जाऊ दे, नाहीतं पाळत बस.” दोन तास कोणी हललं नाही. चारांपैकी तीन बैल खाली बसले. इकडे धोंडासुर उन्हात नाल्याच्या वाळूत मरायची वाट पाहत उभा राहिला आणि शेवटी त्याला भोवळ आली. देव पोचण्याआधीच दैत्य पडल्याची ही आमच्या इतिहासातली एकमेव नोंद आहे.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून पंचायतीने ठराव क्रमांक १४ मंजूर केला: “सर्व देव, दैत्य व भुते यांच्या शक्तीचे शास्त्रीय पद्धतीने तुलनात्मक मोजमाप करून मिरवणुकीतील क्रम व मान ठरविण्यात यावा.” पाच जणांची पोटसमिती नेमली गेली. अध्यक्ष सरपंच सहदेव. सदस्य किसनराव, उत्तमराव आणि तुळशीराम गुरव. सचिव मी, शालिग्राम मास्तर. पुंजाजीला घेतलं नाही, कारण दैत्याच्या बाजूने पक्षपात झाला असता.

आठ महिन्यांत अकरा बैठका झाल्या. प्रथम कार्यक्षेत्र ठरवलं. सैतान वगळण्यात आला (परगावचा रहिवासी; मतदारयादीत नाव नाही). मग गुणांचे निकष. हत्याराला प्रत्येकी पाच गुण. विष्णूच्या चार हातांत चार वस्तू, पण कमळ हे हत्यार नाही अशी हरकत उत्तमरावांनी घेतली. ती मान्य होऊन विष्णूला पंधरा मिळाले. त्रिशूळ हे एक हत्यार की तीन, यावर दोन बैठका गेल्या. कमळ सोडल्याच्या मोबदल्यात ती तीन धरण्यात आली, शंकरालाही पंधरा. धोंडासुराकडे पळसाची एक गदा, म्हणून पाच.

वाहनाला वीसपैकी गुण. गरुड उडतो, पण औताला जुंपता येत नाही, दहा. नंदीला वीस. धोंडासुर पायी येतो, शून्य.

त्यानंतर वजा गुण. विष्णूला दैत्य मारायला दर वेळी वेगळा अवतार घ्यावा लागला. एकाच कामासाठी दहा वेळा रूप बदलणं हे शक्तीचं लक्षण धरता येत नाही, असं उत्तमरावांचं म्हणणं पडलं. वजा दहा. शंकराने भस्मासुराला वर दिला आणि मग स्वतःच पळत सुटले, हे किसनरावांनी निदर्शनास आणलं. वजा दहा. (या दिवशी चहा दोन वेगवेगळ्या घरांतून मागवावा लागला.)

हजेरीचे गेल्या पाच वर्षांचे पंचवीस गुण होते. विष्णू एका साली कोर्टाच्या तारखेमुळे मेहकरला होते (तथास्तु मुलाने म्हटलं), वीस. शंकर दोन वेळा रुसले होते, पंधरा. धोंडासुर दर वर्षी मारूनही दर वर्षी हजर, पैकीच्या पैकी.

शेवटचा निकष माझ्या सूचनेवरून आला आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. ज्याला मारायला जितके जण लागतात, त्या प्रत्येकामागे दहा गुण. देवांना मारण्याचा गावाला अनुभव नसल्याने त्यांना शून्य. धोंडासुराला मारायला दोन देव, चार चोपदार आणि दोन ढोलवाले लागतात (ढोल थांबला तर तो मरत नाही, हे सिद्ध आहे). आठ जणांचे ऐंशी.

भुतांपैकी मुंजा तेवढा पात्र ठरला. हत्यार नाही, वाहन नाही, पण पिंपळ सोडून एक दिवस कुठे गेला नाही; हजेरी पंचवीस. त्याच्या झाडाखाली गावाने आजवर कधी अतिक्रमण केलेलं नाही, हे जे पंचायतीला जमलं नाही ते त्याने एकट्याने साधलं, असा अभिनंदनाचा ठरावही झाला.

बेरीज अशी आली. मुंजा पंचवीस. विष्णू पस्तीस. शंकर चाळीस. धोंडासुर एकशे दहा.

मी तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला. शंकर पाच गुणांनी पुढे, म्हणजे उत्तमरावांची गाडी आधी जाणार. उत्तमराव मिशीत हसत होते. किसनरावांनी चष्मा लावला, तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

“मास्तर, बेरीज पक्की आहे ना?”

“पक्की आहे, पाटील. दोनदा तपासली.”

“मंग महं काय म्हननं आहे,” किसनराव चष्मा घडी करत म्हणाले, “सर्वात ताकदीचं सोंग गावातल्या सर्वात मोठ्या घरानं नाही घ्यावं, तं कोनं घ्यावं?”

तर्क मंजूर झाला. उत्तमरावांनीही आपलं घर पुढे केलं, पण सिलिंगच्या कागदाबाहेरचे एकर विचारात घेता किसनरावांचं पारडं जड ठरलं. धोंडासुर किसनरावांकडे गेला. रिकामं झालेलं विष्णूपद पुंजाजीला देऊन त्याची बढती करण्यात आली. दैत्याचा एकदम देव झाल्याचं उदाहरण पुराणांतही विरळा. समितीने त्याला नारळ दिला.

पुंजाजी नारळ हातात घेऊन उभा राहिला. आज्याचा मुखवटा त्याने घरून धोतरात गुंडाळून आणला होता. तो टेबलावर ठेवताना त्याने एकदा मुखवट्याचा कान पुसला. बोलली ती तानुबाई. ती दाराशी उभी होती.

“मास्तर, मंग आमच्या पान्याचं काय? देवाले तं मांगताच येत नाही न काही.”

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे घेता आला नाही.

“अवो वहिनी,” सहदेव सरपंच हसून म्हणाले, “तुमचा मालक विष्णू झाला, अन् तुमी वांग्याचं काय घेऊन बसल्या?”

सगळे हसले. मीही हसलो.

त्या वर्षीची आखाजी आजवरची सर्वांत शिस्तबद्ध झाली. पार लोणारपासून माणसं आली होती. उत्तमरावांची गाडी पुढे आणि पुंजाजीची मागे, ठरल्याप्रमाणे कुठेही अडली नाही. किसनराव मुखवटा घालून नाल्यात उभे राहिले, तेव्हा बायकांनी पोरांना घट्ट धरलं. पुंजाजी मुकुट घालून आला. किसनरावांच्या डोक्याच्या मापाचा मुकुट त्याच्या भुवयांवर घसरत होता. त्याने चक्र उचललं आणि ते पाटलांना लागू नये म्हणून इतकं हळू फिरवलं की ढोलवाल्यांना ताल दोनदा मोडावा लागला.

मला भीती होती की किसनराव पडणारच नाहीत. एवढा मोठा माणूस, एका वांगेवाल्याच्या हातून! पण मी त्यांना ओळखलं नव्हतं. ते पडले. गुडघ्यावर आले, छाती पिटली, एक गिरकी घेतली आणि सपशेल आडवे झाले. असं मरण आमच्या नाल्याने पाहिलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

मग ढोल थांबले आणि मुखवट्यातून आवाज आला. शांत, रोजच्या व्यवहारातला.

“देवा, तुहा तो नाल्याकाठचा सव्वा एकर मळा मले दे.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं. कोणी तरी मागून म्हणालं, “वा पाटील!” कारण मागणं प्रथेला धरून होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पुंजाजीने मुकुट वर सरकवला आणि माणसांकडे पाहिलं. आधी उत्तमरावांकडे, मग सरपंचांकडे, मग माझ्याकडे. मी सोंगांचा सूत्रधारही असतो. सोंग अडलं की पुढचा शब्द सांगणं हे माझं काम.

“काऊन थांबला बे?” गर्दीतून आवाज आले. “म्हन ना! पाऊस घालवतं का गावाचा?”

पुंजाजीचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. म्हणून मी हळूच सांगितला.

“तथास्तु,” पुंजाजी म्हणाला.

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. देवाने दैत्याला हात देऊन उठवलं. मग प्रथेप्रमाणे देव दैत्याच्या घरी जेवायला गेला. किसनरावांच्या ओसरीवर पुंजाजीला पहिला पाट मिळाला. आमरस, पुरणाची पोळी, वर तूप. देवाने ताटाला हात लावला नाही. ‘देवास भूक नव्हती’ अशी नोंद मी केली. मला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. त्याची नोंद केली नाही.

मिरगाच्या आत बागेचा चौकोन पुरा झाला. तानुबाई आणि पुंजाजी उंद्रीला तिच्या भावाकडे गेले, असं ऐकलं. जाताना तानुबाई शाळेत आली. मला वाटलं, भांडेल. ती तक्ता पाहायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक ओळ वाचून दाखवली.

“मुंजाले बी गुन देले,” ती म्हणाली. “अन् जे लोकं नाल्यावर तमासा पाहे न, त्याहीची ओळ कुठी हाय?”

ती ओळ नव्हती. तिच्या सूचनेवरून मी ती नंतर वाढवली, कारण तक्ता शास्त्रीय असावा या मताचा मी अजूनही आहे. बघे: हत्यार नाही. वाहन नाही. हजेरी पैकीच्या पैकी. एकट्याने ‘थांब’ म्हटलं असतं तर देवाला, दैत्याला आणि पावसालाही थांबावं लागलं असतं, असे एकूण सुमारे सहाशे. प्रत्येकी दहा गुण धरले तर सहा हजार. धोंडासुर त्यांच्या जवळपासही येत नाही.

प्रत्येक ओळीपुढे संबंधिताची सही घ्यायचा नियम असल्याने बघ्यांच्या ओळीपुढे पहिली सही मी केली आहे. मग मला आठवलं की तानुबाईने पाण्याचं विचारलं तेव्हा दाराशी ती होती, खोलीत आम्ही होतो आणि वाचणारे तुम्हीही होता. प्रश्न तुम्हाला नीट कळला होता. पण पुढे सोंग होतं आणि तुम्हाला ते पाहायचं होतं. माझ्या सहीखाली जागा ठेवली आहे. तक्ता शाळेच्या कपाटात आहे, सवडीने या.