कंडक्टर सगळ्यांत शेवटी

आमच्या चर्चमध्ये उपदेश अर्ध्या तासापुढे गेला की शेवटच्या बाकावरून 'टक' असा आवाज येतो. आणखी पाच मिनिटं गेली की 'टक टक'. एक टक म्हणजे आता थांबवा, दोन म्हणजे चला, पुढचं गीत घ्या. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा असतो ना, त्याचा हा आवाज. चिमटा शिमोननानांच्या खिशात असतो.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्यांची गाडी अजून चालूच आहे, फक्त धुळ्याच्या स्टँडवरून निघून ती आमच्या चर्चमध्ये येऊन लागली. मागच्या वर्षी नवे पाळकसाहेब आले, नगरकडचे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच रविवारी ते नोहाच्या तारवात हत्ती चढवत होते आणि 'टक' झालं. साहेब दचकले. त्यांना वाटलं पंखा तुटतोय. त्यांनी वर पाहिलं, सगळ्या मंडळीनं वर पाहिलं. 'टक टक' झालं तेव्हा साहेबांनी उरलेले सगळे प्राणी एकदमच आत घेतले आणि तारवाचं दार लावलं. उपासना सुटल्यावर नाना त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "पहिलीच फेरी, पण टायमात पोचली. छान."

मी चर्चच्या मागच्या चाळीत राहते, नाना माझ्यापासून दोन घरं सोडून. नानी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. नाना स्वतःची भाकर स्वतः थापतात आणि ती इतकी गोल असते की चाळीतल्या सुनांना सासवा नेऊन दाखवतात. चर्चमध्ये ते शुद्ध बोलतात, घरच्या ओट्यावर अहिराणी. पण दारात गर्दी झाली की माणसांना आत सरकवताना चर्चमध्येही त्यांची अहिराणी सुटते. "मझार सरका, मझार! मझार बठ्ठी जागा शे, दारात लोंबू नका!" बायकांच्या बाजूला आम्ही दाटीनं बसतो, तरी त्यांना मध्ये नेहमी दोन माणसांची जागा दिसते. आशीर्वाद व्हायच्या आधी कुणी उठलं की म्हणतात, "चालत्या गाडीतून उतरायचं नाही." एकदा एक बाई रडणारं मूल घेऊन बाहेर निघाली, तिलाही हेच म्हणाले. ती म्हणाली, "नाना, ह्याला शी लागली." नाना म्हणाले, "मग विनंती थांबा आहे, उतर."

कुणी हसलं तर त्यांना राग येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला शिस्त लावली, धुळ्याच्या मंडळीला कोण लावणार, असं त्यांचं म्हणणं असतं.

आता पहिल्या बाकाची गोष्ट सांगते. आमच्या मंडळीत दोन बाजू आहेत. एक चर्चला लागून असलेल्या मिशन कंपाउंडातली जुनी घरं. त्यांच्यात मोठे इसहाक मास्तर. त्यांच्या आजोबांनी ह्या चर्चचे दगड वाहिले. दुसरी साक्रीकडून आलेली घरं. त्यांच्यात मोठे बारकूभाऊ. ते म्हणतात, दगड तुमच्या आजोबांनी वाहिले असतील, पण आज चर्च भरतं ते आमच्या माणसांनी. नाताळच्या दिवशी बारकूभाऊंच्या मुलीनं तासभर आधी येऊन पहिल्या बाकावर रुमाल टाकला. थोड्या वेळानं मास्तरांच्या घरून कुणीतरी येऊन त्या रुमालावर शाल टाकली. उपासनेच्या वेळी दोन्ही घरं बाकासमोर उभी. आधी कुणाचं कापड, यावर बोलाचाली झाली. पाळकसाहेब वेदीपाशी मेणबत्ती धरून तसेच उभे.

नाना मागून आले. त्यांनी शाल उचलून मास्तरांच्या खांद्यावर ठेवली, रुमाल मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचा नियम एस.टी.त पण नाही." त्या दिवशी पहिला बाक रिकामाच राहिला. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर बाकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, 'कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखीव'. अक्षर नानांचं. बारकूभाऊ ते वाचून गुपचूप तिसऱ्या रांगेत गेले. मास्तर मात्र मानी माणूस. ते तिथेच बसले. उपासना सुटल्यावर जो तो त्यांच्या कानाशी जाऊन ओरडू लागला, "सलाम, मास्तर! तब्येत बरी आहे ना?" पुढच्या रविवारपासून मास्तरही तिसऱ्या रांगेत.

हसण्यासारखं होतं, पण त्या नाताळपासून मास्तर आणि बारकूभाऊ एकमेकांना सलाम करीनासे झाले. मग त्यांच्या माणसांनीही बंद केलं. साक्रीकडची घरं वेगळा हॉल भाड्यानं घेणार, असं बायकांत बोललं जाऊ लागलं.

चर्चमध्ये माझं काम पेले धुवायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मी सकाळी लवकर जाऊन छोटे पेले पुसते, द्राक्षाचा रस ओतते, पांढरं फडकं घालते. माझं कुणाशी फार बोलणं होत नाही, त्यामुळे हे काम मला आवडतं. प्रभुभोजनाला माणसं कशी सोडायची ते नाना बघतात. एकेका बाकाला हात दाखवतात, "उतरणारे आधी, चढणारे मागून." दोन रांगा एकमेकींना धक्का न लागता जातात नि येतात. शेवटी कुणी म्हणालं, "नाना, तुम्ही?" तर म्हणतात, "कंडक्टर सगळ्यांत शेवटी." मग गीत सुरू होतं आणि कुणाचं लक्ष राहत नाही.

माझं राहतं, कारण पेले माझ्याकडे परत येतात. दर वेळी एक पेला भरलेला येतो. पहिल्यांदा वाटलं मीच एक जास्त ओतला. दुसऱ्यांदा नानांनी सांगितली तेवढी डोकी धरून ओतलं, तरी एक भरलेलाच. एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं. नाना ट्रे घेऊन मागच्या खोलीकडे येत होते. वाटेत थांबले, त्या पेल्याकडे पाहिलं, आणि तसाच माझ्या टेबलावर ठेवून गेले. इतकी वर्षं ते सगळ्यांना पेल्यापर्यंत पोचवत होते आणि स्वतः घेत नव्हते. मी कुणाला बोलले नाही. तो रस मी कडुनिंबाच्या बुडाशी ओतत आले.

ह्या वर्षी मंडळीचे नवे वडील, म्हणजे पाळकांच्या जोडीनं कारभार बघणारे, निवडायचे होते. मास्तरांचं नाव आलं की साक्रीकडची माणसं उठून जात. बारकूभाऊंचं आलं की कंपाउंडातली. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "शिमोननाना?" आणि वर्षभरात पहिल्यांदा दोन्हीकडचे हात एकदम वर झाले. बारकूभाऊ उघड म्हणाले, "नाना असतील तर आम्ही हॉलचं बोलणार नाही."

त्या संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. आमच्याकडे वडिलाला पाळक सगळ्यांच्या आधी पेला देतात, सगळ्या मंडळीसमोर. मग त्याने बाकीच्यांना द्यायचा. नाना पेला घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

"साराबाई, तू वरणगावले जाशी ना?" त्यांनी विचारलं. वरणगाव माझं माहेर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी जाणार होते. "तठे मना भाऊ राहस. योहान. त्याले सांगजो..." मग त्यांनी एक निरोप सांगितला, तो खोडला. दुसरा सांगितला, तोही खोडला. चौथ्या वेळी म्हणाले, "सांगजो, नाना बरा शे." एवढंच.

वरणगावला योहानभाऊंचं घर आमच्याच शेजारच्या गल्लीत निघालं. मी निरोप सांगितला. ते हसले. "बरा शे ना? मंग ठीक." त्यांची बायको रूथवैनी चहा टाकायला आत गेली. योहानभाऊ मग आपणहून सांगू लागले. त्यांचे बाबा तीन वर्षं अंथरुणाला होते, तेव्हा हे सगळे धुळ्यालाच राहायचे. योहानभाऊ बाबांना उचलून बसवायचे, धुवायचे, भरवायचे. नाना सुरतेच्या गाडीवर. बाबा गेले तेव्हाही ते मुक्कामी होते. आले ते थेट मातीच्या वेळी, आणि येताच सगळ्यांना रांगेत उभं केलं. मूठमाती वयाप्रमाणे. आधी काका, मग नाना, मग थोरले जावई, मग योहान. "मी माती उचललेली होती, बाई. नाना म्हणाला, नंबराने. मी मूठ तशीच धरून घरी आलो. चौदा वर्षं झाली."

निघताना त्यांनी मला निरोप दिला. "त्याले विचार, आते मना नंबर कितवा शे?"

येताना बसमध्ये मी ठरवलं, हे सांगायचं नाही. पण नाना स्टँडवर येऊन उभे होते. मी खाली उतरल्याबरोबर म्हणाले, "काय बोलना?" मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी ऐकलं, माझी पिशवी उचलली आणि रिक्षाकडे चालू लागले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बरोबर बोलना तो."

मग तो रविवार आला. चर्च भरलेलं. पाळकसाहेबांनी नानांना पुढे बोलावलं. नाना शेवटच्या बाकावरून निघाले ते वेदीपर्यंत आले. साहेबांनी प्रार्थना केली आणि पेला पुढे केला. नाना हात पुढे करीनात.

"घ्या नाना," साहेब हळूच म्हणाले.

"साहेब, जरा थांबा," नाना म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "प्रभूने सांगितलंय ना, वेदीपाशी आल्यावर भावाचं आठवलं तर आधी त्याच्याकडे जा. मला चौदा वर्षं आठवतंय. मी इथे सगळ्यांना रांग लावली, पण चुकीच्या ठिकाणी एकदा लावली. मी जाऊन येतो."

आणि ते निघाले. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, उपासना अर्धी टाकून. ते दाराशी पोचले तेव्हा इसहाक मास्तर बाकावरून पटकन म्हणून गेले, "अहो नाना, आशीर्वाद व्हायचाय अजून!"

नाना वळले. "तोच लेवाले चालनू, मास्तर."

बाहेर फाटक वाजलं. साहेब पेला धरून उभे. मग त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "आज आपण थांबू. नाना आल्यावर घेऊ." माझे ऐंशी पेले भरलेले तसेच राहिले. माणसं उठेनात. काय करावं, कुठल्या बाकानं आधी उठावं, सांगणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात मास्तरांना शेवटच्या बाकावर नानांचा चष्मा दिसला. चष्म्याशिवाय नानांना गाडीची पाटी वाचता येत नाही. "अहो, हे चुकून नंदुरबारला जातील!" मास्तर म्हणाले. मोटारसायकल बाहेर एकच होती, बारकूभाऊंची. बारकूभाऊंनी किल्ली काढली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा पाहिला. मग धोतर आवरून मागे बसले.

"हळू घ्या," मास्तर म्हणाले.

"घट्ट धरा, मास्तर," बारकूभाऊ म्हणाले. "खांद्याला धरा, शर्टाला नको. एकच शर्ट शे चांगला."

दोघं अर्ध्या तासानं आले ते भांडतच. नानांना भुसावळच्या गाडीत बसवायला हवं होतं की जळगावला उतरून बदलायला सांगायला हवं होतं, यावर. पण बोलत होते.

दिवेलागणीला मला रूथवैनींचा फोन आला. नाना चारच्या सुमाराला पोचले. योहानभाऊ अंगणात बाज विणत होते. नाना फाटकाशीच उभे राहिले. वैनी म्हणाल्या, भाऊजी आत या, तरी आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "योहान, बा-नी मातीले पहिला तूच पाहिजे व्हता. मी चुकनू."

योहानभाऊंनी मान वर केली नाही. दोर ओढत राहिले. ओढता ओढताच म्हणाले, की बाबांनी जाताना नाव घेतलं ते नानांचं. तीन वर्षं उचलून बसवणाऱ्याचं नाही. त्या रागात त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, रूथवैनींनासुद्धा. मातीच्या दिवशी ते सांगणार होते, पण मग रांग लागली.

वैनी म्हणाल्या, भाऊजी खालीच बसले, धुळीत. मग बाबांसारखं म्हणून दाखवायला सांगितलं, "कसा बोलना बा? म्हणी दखाड."

योहानभाऊंनी दोर खाली ठेवला. बाबांचा आवाज काढायला त्यांना दोनदा घसा साफ करावा लागला. "शिमा, उना का रे तू?" आलास का रे, म्हणून.

नाना अडुसष्ट वर्षांचे आहेत. वैनी म्हणाल्या, ते लहान पोरानं द्यावी तशी ओ देऊन म्हणाले, "हा बा. उनू."