भाऊ शेलार आणि आमच्या गाडीचं सील

कामतघरचे भाऊ शेलार माणसांना अरे-तुरे करायचे आणि इंजिनांना अहो-जाहो. नगरसेवक आला तरी ‘ए, तो पाना दे’, आणि बॉनेट उघडलं की लगेच, ‘बोला साहेब, काय होतंय?’ गिऱ्हाईक मध्ये बोललं की भाऊ हात वर करायचे. ‘‘तू गप. त्यांना सांगू दे.’’

आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज. मागच्या खोलीत ते एकटेच राहायचे. जेवताना, अगदी दाढी करतानासुद्धा त्यांचं बोलणं चालू. ऐकायला कुणी असलंच पाहिजे, अशी अट नव्हती.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझा मामा रिटायर होऊन गावी गेला आणि जाताना ‘मिलिंदा, आता ही तुझी’ म्हणत त्याची जुनी गाडी मला देऊन गेला. ती उभी राहील तिथं खाली ऑइलचं काळं डबकं व्हायचं. मी खाली डबा ठेवून दिवस ढकलत होतो. तेवढ्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठाण्याला ठरलं. ‘येताना धक्का बसता कामा नये, रिक्षा तर नकोच,’ असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून गाडी आधी चालवून बघायला काढली, तर खाडीपुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागे ट्रकांची रांग. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ती भाऊंच्या दारात आणून सोडली.

भाऊ गाडीखाली सरपटले. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, ‘‘क्लच प्लेट ऑइलनं न्हाऊन निघालीय, म्हणून घसरतीय. ऑइल आत अडवणारं क्रँकचं मागचं सील गेलंय. यांचा दोष न्हाय रं. वय झालंय.’’

‘‘केवढं असतं ते सील?’’

‘‘बांगडीएवढं. पण तिथवर पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवायला लागंल.’’

गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला, मग जड फ्लायव्हील. आतल्या जुन्या सीलचं रबर वाळून कडक झालं होतं. क्रँकवर जिथं ते घासायचं तिथं भाऊंनी मला नख फिरवायला लावलं. बारीक चर लागला. ‘‘तिथंच बसवलं तर परत गळणार. जरा आत सरकवू.’’ नव्या सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या कडेला, त्यांनी बोटानं ऑइल लावलं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके दिले. ‘‘झालं हां, झालंच.’’ मी खोकलो, तर माझ्यावर डोळे वटारले. ‘‘हळू. ते दचकतील.’’

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

‘‘मी पण येतो. रस्त्यात काय झालं म्हणजे?’’

‘‘आईला?’’

‘‘इंजिनाला रं.’’

परत येताना आईच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानं तिला आधीपासूनच नीट दिसत नव्हतं. गाडी मी चालवत होतो; तिला सावरायला भाऊ मागे बसले. गाडीनं पुलाचा चढ सहज घेतला. आता भाऊ इंजिनाला शाबासकी देतील म्हणून मी वाट पाहिली.

शेवटी आरशात बघितलं. आईनं भाऊंचा हात मांडीवर घेतला होता आणि त्यावरून बोटं फिरवत होती.

‘‘मिलिंदा, किती खरखरीत झाले रे हात. तेल लावत जा.’’ मग पुढे वाकून, जरा मोठ्यानं, ‘‘भाऊ, गाडी छान चालवता हो तुम्ही.’’

मी बोलायला तोंड उघडलं. आरशात भाऊंनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडीशी. मी नजर रस्त्याकडे वळवली. काल्हेर गेलं, गोदामं मागे पडली. भाऊ श्वाससुद्धा जपून घेत होते, आवाज ऐकून तिनं हात सोडू नये म्हणून.

चाळीपाशी आलो. भाऊ डोळे मिटून बसले होते. एवढं केलेल्या माणसाला काय द्यावं, हे मला इतके दिवस सुचत नव्हतं. मी ब्रेक लावला नाही. गाडी तशीच पुढे तलावाच्या कडेनं, सगळ्यात लांबच्या वाटेनं, सावकाश घेतली.