आग्रहाची सोय नसलेलं हॉटेल

माणसाचा खानदानीपणा तो किती वेळा 'नको' म्हणतो यावरून ठरतो. निजामी अमलात मंठ्याकडे याचं प्रमाण ठरलेलं होतं : चहाला दोनदा, जेवणाला तीनदा आणि सोयरिकीच्या जेवणाला पाचदा. (त्यानंतर पाहुणा जेवतो, आणि दोघांचं जेवतो.)

रखमाजी पाटलांचा या कामी तालुक्यात हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून लेकीसाठी पाहिलेल्या मुलाचे वडील काकासाहेब यांनी सोयरिकीच्या बोलणीसाठी त्यांना जालन्यात, जुन्या कोठीतल्या बड्या हॉटेलात मुक्कामाला बोलावलं, तेव्हा ते निर्धास्त होते. निघताना बायको झुंबरबाई तेवढं म्हणाली, "पहिल्या खेपंला हो म्हणू नका. हावरट म्हनतील. पोरीचं जमून राह्यलंय."

हॉटेल नामांकित होतं. कुण्या नवाबाने पूर्वी तिथे दुपारची झोप घेतली होती, तो पलंग दोरी लावून राखला होता. खोलीत खुर्च्या इतक्या, की एकट्या माणसाला कुठे बसावं ते सुचू नये. पाहुण्याच्या शब्दाला तर एवढा मान, की तो शब्द दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नसे. या शेवटच्या सोयीचा अनुभव जेवणाच्या टेबलावर आला.

खानसाम्याने पुऱ्यांचं ताट पुढे केलं. (हिंदू पाहुण्यांचा स्वयंपाकी वेगळा होता.)

"नको. पोट भरलंय," रखमाजी म्हणाले.

खानसामा हैदराबादचा. 'नको' त्याला उत्तम कळत होतं. त्याच्या बोलीतही तेच म्हणतात. त्याने अदबीने ताट उचललं. काकासाहेब "घ्या न, पाटील" म्हणेपर्यंत ते दारापार गेलं होतं, आणि गेलेल्या ताटाचा आग्रह कसा करावा याला रिवाज नाही. मग पाहुणा उपाशी असता यजमानाने खावं कसं, म्हणून काकासाहेबही नको म्हणाले. त्यांचंही उचललं गेलं. बासुंदी आली, तशीच परत गेली. रखमाजींच्या पोटात कावळे ओरडत होते, पण लेकीवर त्यांचा फार जीव. त्यांनी ताट परत मागवलं नाही.

"सरबराई लई बराबर हाय इथं," ते म्हणाले.

"बिलकुल," काकासाहेब क्षीण आवाजात म्हणाले. "मागं लागत न्हाईत."

सकाळी काकासाहेबांनी सोयरीक पक्की केली. कारण असं दिलं : "बासुंदी समोरून गेली, तरी पाटलांची मान वळली न्हाई. असल्या घरची पोर नांदंल." (मान वळली नाही, कारण पाटलांनी डोळे मिटले होते.)

तेव्हापासून तालुक्यातल्या खानदानी सोयरिकी तिथेच जमू लागल्या. हॉटेलची भरभराट झाली. एका पातेल्यात अख्खी लग्नसराई निघे.

वाचकांना यात हसण्यासारखं काही वाटलं असेल तर हरकत नाही. परवा तुम्ही एका घरी गेला होतात. बाईंनी चहाचं विचारलं, तुम्ही म्हणालात, "नको, आत्ताच घेतला." त्या "बरं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या वेळी तुमचा चेहरा कसा झाला होता, ते त्यांनी आम्हाला सांगितलं आहे.